कॉलर घालण्याआधी डोक्यावरची पिसं बघा
पिसं उपटणाऱ्या पोपटाला कॉलर (चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात घालायचं कडं) घाला, एवढाच उपाय पोपटांवरच्या एका लेखात दिलाय, म्हणून लिहितेय. पक्षी मांसापर्यंत कुरतडत असेल तर कॉलर लागतेच, पण ती डॉक्टरांनी घालावी. मूळ दुखणं तिने जात नाही.

आमच्या आफ्रिकन ग्रेची, म्हणजे राखाडी पोपटाची, छाती पार उघडी पडली होती, डोक्यावरची पिसं मात्र जशीच्या तशी. म्हणजे तो स्वतःच उपटत होता, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. शेजारच्या काकूंनी हळद-तेल चोळायला सांगितलं. कृपा करून कुणी चोळू नका! पिसं चिकटतात आणि चोचीने साफ करताना तेच तेल पोटात जातं.

डॉक्टरांनी आधी रक्त आणि विष्ठा तपासली. यकृताचा आजार, संसर्ग, पिंजऱ्याच्या जाळीतल्या जस्ताची विषबाधा, काहीही असू शकतं म्हणाले. त्यातलं काही निघालं नाही. चूक आमचीच होती. खायला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, ज्यात अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच, आणि रात्री 11 पर्यंत पिंजरा टीव्हीसमोर. त्याला 10 ते 12 तास अंधारात झोप हवी. त्यात नागपूरचा मे, 45 अंशांची कोरडी झळ. आता रोज सकाळी पाण्याचा फवारा, गाजर, शेवग्याचा पाला, कुरतडायला मक्याचं कणीस. चार महिन्यांनी छातीवर राखाडी लव फुटली. डाव्या मांडीवर अजून काहीच नाही, तिथली पिसांची मुळंच गेलीत.

देशी हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून लोक त्याला लपवतात, डॉक्टरांकडे नेतच नाहीत. त्याला नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे वन्यजीवांच्या उपचार केंद्रात, पोचवा.