खर्चाचा अंदाज डिझाइनच्या वेळीच का हवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचा मुद्दा असा, की कॅडमध्ये (भागाचं डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसणारा खर्चाचा आकडा शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, टिकत नाही. म्हणून डिझायनरने मॉडेल करावं आणि खर्च कॉस्टिंगवाल्यांवर सोडावा.

आकडा टिकत नाही, हे खरंच. कॅममधला (मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा मशीनचा वेळ, बहुधा प्रोग्रॅमचा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) धरून काढलेला असतो आणि बारीक बारीक हालचालींत मशीन त्या फीडपर्यंत पोचतच नाही. जॉब (कापायचा भाग) मशीनवर बांधणं, मोजमाप घेणं हेही त्यात येत नाही. त्यावरून थेट कोटेशन देऊ नये.

पण म्हणून डिझायनरने खर्चाकडे बघूच नये?

40 मिमी खोल पॉकेट (भागात कोरलेला खळगा) घ्या, कोपऱ्यांची त्रिज्या 3 मिमी. तिथे 6 मिमीपेक्षा जाड एंड मिल (फिरत कापणारं टूल) जाणारच नाही, आणि ते होल्डरबाहेर व्यासाच्या साडेसहा पटींहून जास्त काढावं लागेल. लांबी तीच ठेवून टूलचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच जोराने ते 16 पट वाकतं. मग काप कमी घ्या, फीड उतरवा, तरी चॅटर, म्हणजे कापताना टूलची थरथर, आहेच. त्रिज्या 6.5 मिमी केली की 12 मिमीचं टूल चालतं. आत बसणाऱ्या भागाची अट असेल तर गोष्ट वेगळी, पण पुष्कळदा ती 3 मिमी कोणी ठरवलेलीच नसते. कोपरा गोल करणाऱ्या फिलेट कमांडमध्ये आधीपासून होती, तीच राहिली. हे मला फार लागतं.

इथे अंदाज काही टक्के चुकला तरी कोणता पर्याय महाग, हे बदलत नाही. उलट चॅटर सॉफ्टवेअरला दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक आणखी मोठा निघतो. दोन पर्याय अगदी जवळजवळ असतील तर मात्र मीही आकड्यावर विसंबणार नाही.

बॅच, म्हणजे एका वेळी किती नग करायचे ते, न सांगता दिलेला आकडा तर निरर्थकच. 2 तासांचा सेटअप (कामासाठी मशीनची तयारी) 10 नगांवर प्रत्येकी 12 मिनिटं पडतो, 500 नगांवर 15 सेकंदही नाही.

कॉस्टिंगवाल्याच्या हातात ड्रॉइंग येतं तोवर फिक्स्चर (जॉब पकडायचं साधन) आणि जोडीचे भाग ठरलेले असतात. जॉब महाग आहे हे तो सांगू शकतो, त्रिज्या बदलू शकत नाही.

तुमच्याकडे प्रत्यक्ष लागलेल्या वेळेच्या नोंदी असतील तर त्या डिझायनरपर्यंत जाऊ द्या. सेटअपची वेळ आणि मशीनचा तासाचा दर खर्चाच्या टेम्प्लेटमध्ये त्यावरूनच सुधारता येतात.