नदीत सॅमन दिसतात म्हणजे ते गळाला लागतात असं नाही
हंगाम सुरू झाला की एक दावा सगळीकडे फिरतो: "सॅमन समुद्रातून नदीत चढतात तेव्हा नदी माशांनी भरलेली असते. मासे भुकेले असतात. चांगला रॉड घ्या, आमिष लावा, लांब फेका, ओढ लागली की झटका मारा. पहिल्याच दिवशी मासा नक्की!" नदी भरलेली असते हे काही दिवसांपुरतं खरं. बाकीचं ऐकून नवखे लोक चुकीच्या पाण्यात दिवस घालवतात आणि हिरमुसून परततात.

"मासे भुकेले असतात." नसतात. नदीत शिरल्यावर सॅमन खाणं जवळपास थांबवतो आणि अंगातल्या चरबीवर पुढचा प्रवास करतो. आमिष तोंडात धरतो ते चिडून किंवा जुन्या सवयीने. म्हणून ते त्याच्या तोंडासमोर, त्याच्याच खोलीवर यावं लागतं. डोक्यावरून मीटरभर उंच गेलं तर बहुतेक मासे जागचे हलत नाहीत.

"लांब फेका." चढणारा मासा ताकद राखून पोहतो. वेगवान आणि संथ पाणी जिथे भिडतं ती रेघ, डोहाचा खालचा उतरता भाग, मोठ्या दगडाचा आडोसा, या त्याच्या जागा. माणूस चालतो त्या वेगाचं, १ ते २ मीटर खोल पाणी आधी शोधा. असं पाणी अनेकदा काठापासून चार-पाच मीटरवरच असतं, आणि नवखा नेमका तिथेच पाण्यात उतरून उभा राहतो. आधी जवळचं पाणी तपासा, मग पाय भिजवा.

"चांगला रॉड घ्या." रॉडपेक्षा आमिष तळाशी नेणारं, दोरीला बांधायचं वजन महत्त्वाचं, आणि खरं कौशल्य इथेच लागतं. मुख्य दोरी ६ ते ७ किलो ताकदीची, तिला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), पुढे ६० ते ९० सेंटिमीटरचा लीडर (गळापर्यंतची वेगळी दोरी) आणि गळ. वजन स्विव्हलला वेगळ्या, कमी ताकदीच्या आखूड दोरीवर बांधा, म्हणजे दगडात अडकलं तर फक्त वजन तुटेल. प्रवाहाच्या थोडं वरच्या बाजूला फेका, रॉडचं टोक उंच धरा, ढिली दोरी गुंडाळत राहा. वजन तळाला टक… टक… असं अधूनमधून टेकलं पाहिजे. टकटक नसेल तर वजन वाढवा. दर फेकीला अडकत असेल तर कमी करा. पाणी बदललं की वजनही बदलतं, हे बहुतेक जण विसरतात.

"ओढ लागली की झटका मारा." पुष्कळदा ओढ लागतच नाही. टकटक थांबते, दोरी क्षणभर अडते किंवा प्रवाहाला आडवी सरकते. तेव्हा रॉड ठामपणे उचला, तेवढं पुरे. उगाच झटके मारत राहिलात तर गळ बाहेरून पोटाला किंवा शेपटीला रुततो, आणि असा मासा ठेवणं बहुतेक नद्यांवर बेकायदा आहे. माशीने (पिसं-दोऱ्याच्या नकली कीटकाने) अटलांटिक सॅमन धरताना तर घाई मुळीच नको. मासा वळून दोरी ताणेपर्यंत थांबायचं. रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापून कमजोर होते.

"पहिल्याच दिवशी नक्की." पावसानंतर पूर ओसरून पाणी निवळू लागतं ते दिवस उत्तम. गढूळ पुरात आशा नाही. पाणी कमी आणि नितळ असेल तर पहाट गाठा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं तर थांबा, दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. पिंक सॅमन ही जात काही नद्यांत मोठ्या संख्येने वर्षाआडच येतो. सगळं जुळूनही पहिले काही दिवस रिकामे जाणं अगदी सामान्य आहे. पहिल्या दिवशी तळाची टकटक आणि दगडाची अडक यांतला फरक हाताला कळला तर तो दिवस चांगला गेला.

निघण्यापूर्वी त्या नदीचे त्या वर्षीचे नियम वाचा, भर हंगामातही मासेमारी बंद होऊ शकते. जिथे फक्त हॅचरीचा (मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला) मासा ठेवता येतो, तिथे मासा पाण्यातच धरून पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर पाहा. हॅचरीच्या माशाचा तो कापलेला असतो; कापलेला नसेल तर मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा.