बाराच्या भावात

थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखाली पाल चुकचुकते. टिक्, टिक्, टिक्. ॲक्सिलरेटर दाबला की पालीची घाई वाढते. पाच-दहा मिनिटांत लोखंड तापून फुगतं, फट बुजते आणि पाल गप्प. मेकॅनिकला ऐकवायला गाडी न्यावी, तर पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि तो आपल्याकडे असा बघतो, की आटे बोल्टचे नाही, आपलेच ढिले झालेत.

ही पाल हेडरच्या फ्लँजखाली राहते, म्हणजे तिथल्या फटीतून निसटणाऱ्या धुराचा हा आवाज. आपल्याकडे इंजिनापासून मागच्या नळीच्या टोकापर्यंत सगळ्यालाच सायलेन्सर म्हणायची पद्धत आहे, म्हणून सांगतो: हेडर म्हणजे त्याचा पहिला तुकडा. दर सिलिंडरला एक नळी, नळ्यांच्या तोंडाशी फ्लँजची जाड पट्टी, आणि ती पट्टी बोल्टांनी हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, आवळलेली. शेवरोलेची व्ही-८ घ्या, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडरांचं इंजिन. १९५५ची स्मॉल ब्लॉक असो की १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये आलेली एलएस, दोन्ही बाजू मिळून बोल्ट बाराच. एक ढिला झाला की उरलेले अकरा त्याच्या वाटेनं निघतात.

बोल्ट सुटला की पहिला आरोप ठरलेला: नीट आवळला नव्हता. मला हा आरोप मान्य नाही. एलएसचं हेड ॲल्युमिनियमचं, पाण्यानं थंड ठेवलेलं, नव्वद अंशांच्या आसपास. फ्लँज पोलादाची, समजा तीनशे अंशांवर. ४५ सेंटिमीटर लांबीवर हेड जेवढं वाढतं, त्यापेक्षा फ्लँज पाऊण मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढते. म्हणजे गाडी तापली-निवली की फ्लँज बोल्टच्या माथ्याखाली आडवी सरकते. अशा आडव्या सरकण्यानंच बोल्ट आपोआप उलटा फिरतो, हे अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिलं. त्यांच्या पद्धतीच्या चाचणीत आपला लाडका स्प्रिंग वायसर सपशेल नापास होतो. त्यात हेडरच्या उष्णतेनं त्याची स्प्रिंगही मरते. तरी तो घालायचाच असेल तर लिंबू-मिरचीही बांधा. खर्च तेवढाच आणि गुणही तेवढाच. नायलॉकच्या नटातलं नायलॉन तर इथं वितळूनच जातं. नेहमीचं निळं लॉक्टाइट, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, दीडशे-एकशेऐंशी अंशांपर्यंतचा गडी.

लॉक निवडण्याआधी बोल्ट तर बरोबर घ्या. स्मॉल ब्लॉकला ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा. एलएसला एम-८, सव्वा मिलिमीटर पिचचा. हाताने दोन फेरे जाऊन अडला, तर पाना लावून ‘जाईल हो’ म्हणू नये. लांबीचा हिशेब वेगळा: फ्लँज आणि गॅस्केट (फट बुजवणारा मधला पातळ थर) वजा करून ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट आटे बसले पाहिजेत. उलट बोल्ट लांब झाला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. ठरलेल्या जोरापर्यंत आवळणारा टॉर्क रेंच ‘कट्’ म्हणून शाबासकी देतो आणि फ्लँज मात्र मोकळीच. सगळ्यात फसवा प्रकार हा. भोकाची खोली काडी घालून मोजायला एक मिनिट लागतं, तेवढं द्या.

माथा छोटा हवा. नळीचं वेल्डिंग बोल्टला इतकं खेटून असतं की मोठ्या माथ्यावर रिंग पाना बसतच नाही.

आता लॉक. नॉर्ड-लॉकचे जोडीचे वायसर हुशार आहेत: बोल्ट उलटा फिरू लागला की त्यांचे उतार एकमेकांवर चढतात आणि ताण उलट वाढतो. पण त्यांना सपाट जागा लागते. वेल्डच्या गोट्यावर तिरके बसले की सगळी हुशारी संपली. विमानवाल्यांची लॉकवायर स्वस्त: माथ्याला भोक, ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार, आणि पीळ असा की तार बोल्टला आवळण्याच्या दिशेनं ओढेल. उलट ओढली तर आपणच तो सोडवायला मदतनीस ठेवल्यासारखं होतं. स्टेज ८ पद्धतीत माथ्यावर एक पट्टी बसते, ती नळीला टेकते आणि वरून क्लिप. बोल्ट फिरायचं नाव काढत नाही. मात्र गॅस्केट दबून ताण गेला, तर बोल्ट जागच्या जागी ऐटीत उभा आणि पाल चालूच.

म्हणून मी लॉक शेवटी लावतो. आधी आवळणं: एलएसला मधल्या दोन बोल्टांपासून बाहेरच्या दिशेनं, पहिला फेरा १५ न्यूटन-मीटर, दुसरा २५. स्टेनलेस बोल्ट असेल तर आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जडू न देणारं वंगण), नाहीतर तो ॲल्युमिनियमशी असा जडतो की निघताना आटेच घेऊन निघतो. वंगण लावल्यावर कोरड्या आट्यांसाठीचा आकडा मात्र तसाच वापरू नये, थोडा उतरवावा. मग इंजिन तापवा, पूर्ण निवू द्या, पुन्हा टॉर्क तपासा, आणि त्यानंतरच पट्टी व क्लिप.

क्लिपा दोन जास्तीच्या ठेवा. अकरा बोल्ट उभ्या-उभ्या होतात. बारावा फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, स्टीअरिंगच्या दांड्यामागे. तिथं हात जातो पण डोळा जात नाही, आणि डोळा गेला तर हात नाही. खाली जुनी चादर अंथरावी, म्हणजे निसटलेली क्लिप तीवर पडेल. ती चादरीच्या कडेला टप्पा खाऊन नेमकी क्रॉसमेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या तुळईच्या, पोकळीत जाते. आत कुठंतरी ‘टिंग’ वाजतं. मग रोज थंड इंजिन सुरू केल्यावर आपण कान देऊन ऐकत राहतो, ही पाल की क्लिप.