‘पोलिसांना मोकळा हात द्या’ म्हणणाऱ्यांना गोंडघर फाटा माहीत आहे का?

सध्या एक मेसेज गावोगाव फिरतोय. म्हणे पोलिसांना मोकळा हात द्या, ठाण्यातले कॅमेरे आणि नोंदींची कटकट काढून टाका. दोन फटक्यांत खरं बाहेर येतं. आणि कोकणात तर सगळं समजुतीनेच मिटतं, इथे कशाला हे शहरी नियम? माझ्या भाच्याने हे स्टेटसला ठेवलं. पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे उठून मैदानावर धावतो. म्हणून लिहितोय, एरवी असल्या मेसेजच्या नादी कोण लागतो!

आधी ते दोन फटके. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या कायद्यात चालत नव्हती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम 23 नुसार चालत नाही. कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य. उलट कबुलीसाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली 7 वर्षांपर्यंत कैद, जबर दुखापत झाली तर 10. साहेबांचा हुकूम तोंडी असतो, त्याची नोंद कुठेच नसते. हात उगारणारा शिपाई मात्र आयता सापडतो. भाच्या, तो शिपाई तू असशील.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगून टाकलंय: गेट, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, सगळीकडे कॅमेरे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग 18 महिने जपायचं. उद्या कुणी ठाणे अंमलदारावर मारहाणीचा खोटा आळ घेतला, तर त्याला वाचवणारं दुसरं आहे काय? कॅमेरा नेमका हवा त्या दिवशी बंद कसा असतो, हा प्रश्न त्या मेसेजवाल्यांना पडत नाही.

आता तो ‘समजुती’चा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. जानेवारी 1993 मध्ये रायगड जिल्ह्यात दिघी जेट्टीवर शस्त्रांचा चोरटा माल उतरला. पुढे गोंडघर फाट्यावर पोलिसांनी तो अडवला, म्हणजे नाकाबंदीने आपलं काम चोख केलं. मग तिथेच सौदा ठरला. रोख पुरेशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा हमी म्हणून ठेवून घेतल्या आणि माल सोडला. ना पंचनामा, ना मुद्देमाल, ना वायरलेसवर एक शब्द. वाट मोकळी आहे हे कळल्यावर फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स हे स्फोटक उतरलं. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. फाट्यावरच्या त्या पोलिसांना पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टात शिक्षा झाल्या. ही आपल्या कोकणातली समजूत! त्या रात्री कुणी ठाण्याच्या डायरीत गाडीचा नंबर आणि वेळ एवढी एक ओळ लिहिली असती, तरी हे प्रकरण फाट्यावरच्या फाट्यावर दाबणं इतकं सोपं गेलं नसतं.

‘झिरो एफआयआरने खोट्या तक्रारी वाढतात’ असंही म्हणतात, त्यातही दम नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंदवून तिकडे पाठवायचा, एवढंच ते आहे. खोटी तक्रार देणाऱ्यावर कारवाईची तरतूद कायद्यात आहेच.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. पोलिसांचे हाल खरे आहेत. गणपतीत चाकरमानी घरी येतात आणि आमचा हवालदार मुंबई-गोवा हायवेवर खड्ड्यांशेजारी उभा असतो, घरच्या गणपतीची आरती फोनवर ऐकत. पण त्यावर उपाय मोकळा हात नव्हे. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा, बदल्या पुढाऱ्यांच्या चिठ्ठीवर करू नका, हे पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2006 सालीच सांगितलंय. पोलिसांचा एवढा कळवळा आहे, तर मेसेजमध्ये ही मागणी का नाही?