‘त्यांचे त्यांनी पाहावे’ हे म्हणणे का टिकत नाही

गाझाची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांचे भांडण हजारो वर्षांचे, धर्माचे आहे. संयुक्त राष्ट्रांना तिथे आजवर काहीही साधलेले नाही. तेव्हा बाहेरच्यांनी लुडबुड न करता त्यांचे त्यांनाच निस्तरू द्यावे, असा त्याचा आशय असतो. त्यामागचा उबग समजू शकतो, पण त्यातली विधाने तपासायला हवीत.

‘हजारो वर्षांचे भांडण’ हे पहिले विधान. जेरुसलेमचे पावित्र्य प्राचीन आहे. आजचा वाद मात्र विसाव्या शतकातला आहे आणि त्याचे महत्त्वाचे कागद बाहेरच्यांनीच लिहिलेले आहेत. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारे 1917 चे बाल्फोर घोषणापत्र ब्रिटनचे, तिथला कारभार ब्रिटनकडे सोपवणारा 1922 चा आदेश राष्ट्रसंघाचा, आणि 29 नोव्हेंबर 1947 चा फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा. तो 33 विरुद्ध 13 मतांनी संमत झाला, तेव्हा तो प्रदेश प्रत्यक्ष चालवणारे ब्रिटनच तटस्थ राहिले. ज्यांनी घर वाटून दिले त्यांनी पुढे ‘घरगुती मामला’ म्हणून हात झटकावेत, हे पटण्यासारखे नाही.

‘काहीही साधलेले नाही’ या दुसऱ्या विधानाला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. 1956 च्या युद्धानंतर इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात आणि गाझामध्ये संयुक्त राष्ट्रांचे दल आले. त्यात भारतीय तुकडीही होती. हे दल इजिप्तच्या संमतीवर उभे होते. मे 1967 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती काढून घेताच ते परत बोलावले गेले, आणि 5 जून रोजी युद्ध सुरू झाले. मात्र पुढे काय झाले, ते हा मजकूर सांगत नाही. 1979 च्या इजिप्त–इस्रायल करारात 1967 चा धडा शब्दशः उतरला: कोणा एका पक्षाच्या सांगण्यावरून निरीक्षक हटवता येणार नाहीत. सिनाईचे पट्टे आखून कोणत्या पट्ट्यात किती सैन्य ठेवायचे हे ठरवण्यात आले. सुरक्षा परिषदेत दलाला मंजुरी मिळेना, तेव्हा अमेरिकेच्या पुढाकाराने वेगळे बहुराष्ट्रीय दल उभारले गेले आणि ते एप्रिल 1982 पासून तिथे आहे. चार युद्धे लढलेल्या या दोन देशांत त्या करारानंतर एकही युद्ध झालेले नाही.

याच्या शेजारी इस्रायलव्याप्त पश्चिम किनाऱ्यावरील हेब्रॉन शहराचे उदाहरण ठेवून पाहावे. फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या इब्राहिमी मशिदीत एका इस्रायली वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर नॉर्वेच्या नेतृत्वाखाली निरीक्षक नेमले गेले. ते निःशस्त्र होते, पाहिलेले टिपून ठेवण्यापलीकडे त्यांना अधिकार नव्हता, आणि त्यांचे अहवाल दोन्ही पक्ष व निरीक्षक पाठवणारे देश यांच्यापुरतेच राहत. जानेवारी 2019 मध्ये इस्रायलने मुदतवाढ नाकारली आणि ते परतले. म्हणजे हस्तक्षेप करावा की नाही हा प्रश्नच नाही. आलेल्यांच्या हाती काय दिले होते, हा आहे.

‘लुडबुड नको’ हा सल्ला तर उशिराचाच म्हणायचा. 2016 च्या समझोत्यानुसार अमेरिका इस्रायलला दहा वर्षांत 38 अब्ज डॉलरची लष्करी मदत देत आहे. हमासला इराणकडून पैसा व शस्त्रे मिळत आली आहेत. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने पळवून नेलेल्या ओलिसांपैकी बहुतेकांची सुटका कतार, इजिप्त आणि अमेरिका यांच्या मध्यस्थीने ठरलेल्या युद्धविरामांतच झाली. बाहेरचे सगळे दूर झाले असते, तर ही वाटही उरली नसती. शांतता बाहेरून लादता येत नाही हे खरेच; पण शब्द पाळला जाईल याची हमी देणारा तिसरा लागतो, कारण या दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास उरलेला नाही.

राहता राहिला ‘आपल्याला काय त्याचे’ हा सूर. 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हिया यांच्यासह त्याने फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लावजा मतात 1967 पासून व्याप्त असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्य बेकायदा ठरवले आणि ती स्थिती टिकवायला मदत न करण्याचे बंधन सर्वच देशांवर असल्याचे सांगितले. त्या मतावर आधारित आमसभेच्या ठरावाच्या वेळी, सप्टेंबर 2024 मध्ये, भारत तटस्थ राहिला. वर्षभराने द्विराष्ट्र तोडग्याच्या, म्हणजे इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइनच्या, न्यूयॉर्क घोषणापत्राला त्याने आमसभेत मत दिले. या दोन मतांचा मेळ कसा घालायचा, हे आपल्या परराष्ट्र खात्याला विचारणे ही काही लुडबुड नव्हे.