नोटीस, तळमजल्यावरचे काका आणि आईचं निळं बॉलपेन

आज सकाळी साडेसातला दार वाजलं. तळमजल्यावरचे काका. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांमुळे एरवी जिना चढत नाहीत, आणि लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. हातात सात पानं. म्हणाले, "अगं जरा वाचून दाखवतेस का, मला काही हे लागत नाहीये." मी विचारलं चष्मा खाली राहिला का, तर म्हणाले नाकावर आहे की. होताच.

सोसायटीची पुनर्विकासाची नोटीस होती ती. ग्रुपवर पीडीएफ आली होती, मोबाईलवर दिसेना म्हणून काका कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट काढून आले, तर प्रिंटवर अजूनच दिसेना. मी पानं हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं.

लग्नपत्रिकेचा फॉन्ट! तो वळणदार, बोरूने काढल्यासारखा, जो 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढ्यापुरताच असतो, त्यात सात पानांची नोटीस. वर सगळं बोल्ड. बरं ते बोल्डही खरं नाही, त्या फॉन्टला जाड वजन, म्हणजे जाड रेषेची वेगळी काढलेली अक्षरं, दिलेलंच नाहीये, अशा वेळी बी दाबलं की कॉम्प्युटर आहे त्याच अक्षराला चारी बाजूंनी काजळ फासतो. मग ष चं पोट बुजतं, घ आणि ध मधला फरक जातो, भ आणि म सख्खे भाऊ. त्याची झेरॉक्स काढा म्हणजे उरलंसुरलंही गेलं. आणि मुद्दा महत्त्वाचा असला की खाली रेघ! अहो, आपले उकार अक्षराच्या खाली लोंबतात, रेघ बरोबर त्यांच्या गळ्यातून जाते. 'करारनाम्याची मुदत' असं लिहिलं होतं, रेघेत उकार गेला आणि काकांनी ते 'करारनाम्याची मदत' वाचलं. मला विचारतात, "कसली गं मदत देतायत?" हसू की रडू. माणसाचं घर पाडायचं चाललंय आणि त्याला मुदत का मदत ते कळत नाहीये.

'पदाधिकाऱ्यांनी' या शब्दाचे तर हालच. त्या फॉन्टमध्ये ऱ्या चा तो अर्धा र नसावाच, कारण तिथे ठिपक्यांचा एक गोल आणि शेजारी अनाथ या. सात पानांत चोवीस वेळा. हो, मोजले मी.

तुम्ही म्हणाल हिला कशाला एवढं लागलं. तर मी नव्व्याण्णव ते दोन हजार चार पुण्यात अप्पा बळवंत चौकामागच्या एका गल्लीत डीटीपी केलंय, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायचं काम. पेजमेकर, श्रीलिपी, आणि बारा तास त्याच खुर्चीवर. पंचांगं, पत्रिका, गाईडं, एकदा तर एका गृहस्थांचं सहाशे पानी आत्मचरित्र. आमचे मालक स्क्रीनकडे बघून कधीच काही पास करायचे नाहीत. "पान काढ" एवढंच म्हणायचे. मग ते पान घेऊन दारात जायचे, उजेडाला उभं राहून हात लांब करून बघायचे. स्क्रीनच्या मागे दिवा असतो, त्यामुळे बारीक अक्षरसुद्धा तिथे झळझळीत दिसतं. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. हे मी पाच वर्षं रोज ऐकलंय.

आणि तरी मी आईच्या पुस्तिकेचा घोळ घातला. तो सांगते, पण आधी हे भांडण संपवू दे.

तर सेक्रेटरींना फोन लावला. जरा चढ्या आवाजातच बोलले, कबूल. ते म्हणाले, "ताई, पण स्क्रीनवर एवढं सुंदर दिसत होतं हो. रात्री दोनपर्यंत बसून केलं मी." आणि मी गप्प झाले. कारण हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी आईला म्हटलं होतं.

चार वर्षांपूर्वी आईच्या पंच्याहत्तरीला मी तिच्या पाककृतींची पुस्तिका केली. तिची जुनी वही, लाल पुठ्ठ्याची, हळदीचे डाग पडलेली, त्यातनं मेतकूट, डांगर, सांडगे, भरली वांगी, उकडीच्या मोदकांचं सगळं गणित असं टाइप केलं, चाळीस प्रती काढल्या. आता मी डीटीपीवाली म्हटल्यावर साधा फॉन्ट कसा लावणार! एक अगदी हलक्या वजनाचा निवडला, रेषा केसासारखी. काळा रंग फार ठसठशीत वाटला म्हणून करडा केला. कागद मोतिया. लॅपटॉपवर असं दिसत होतं की एखादं दिवाळी अंक काढणारं ऑफिस मला नोकरी देईल. घाई होती, पान काढून पाहिलं नाही. मी! पान काढलं नाही!

आईने वाढदिवसाला पुस्तिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, "छान झालंय गं" म्हणाली, आणि माझ्या मुलीला म्हणाली, "तू वाच बघू मोठ्याने, मला ऐकायचंय." आम्ही सगळे गहिवरलो. फोटोपण काढले. फेसबुकवरच टाकलेत, ज्यांनी लाइक केले होते त्यांनी आता परत काढून घ्या.

असो. फॉन्टचं बोलत होते.

एक गोष्ट मला खरंच कळत नाही, की आपण साडी घेताना दुकानाबाहेर नेऊन उन्हात रंग बघतो, आंबा वास घेऊन घेतो, आणि ज्या कागदावर सही करून घर सोडायचंय त्याचं अक्षर मात्र जे यादीत वर येईल ते. वर्डमध्ये बहुतेकांचं मराठी वर्षानुवर्षं मंगलमध्येच असतं. मंगलला मी नावं ठेवणार नाही, तो र. कृ. जोशींनी केलेला, म्हणजे कवी आणि सुलेखनकार असलेल्या आपल्या मराठी माणसाने, आणि विंडोज २००० बरोबर तो आला तेव्हा स्क्रीनवर मराठी सरळ वाचता येणं हेच केवढं मोठं होतं. पण त्या काळच्या भरड पिक्सेलवर दिसावा म्हणून बेतलेला फॉन्ट आपण वीस-पंचवीस वर्षं कागदावर छापतोय. मग कुणीतरी सांगतं कोकिळा लाव, छान दिसतो. दिसतो, पण बारा पॉइंटचा कोकिळा म्हणजे मुंगीच. पॉइंट म्हणजे काही अक्षराची उंची नव्हे, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलंय तिची ती उंची, आत अक्षर केवढं ठेवायचं ते ज्याने फॉन्ट काढला त्याची मर्जी. त्यामुळे "बारा पॉइंटमध्येच अर्ज करा" असं कुणी सांगितलं की मी विचारते, कुठल्या फॉन्टचे बारा?

आणि ल आणि श! आपला ल दोन पाकळ्यांचा, आपला श देठाचा. २००९ मध्ये शासनाने जीआर काढला की मराठीत हेच वापरा, २०२२ ला परत काढला. तरी मुलांच्या पुस्तकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत दांडीचा ल आणि शेंडीचा श, कारण बऱ्याच फॉन्टांमध्ये पहिला आकार हिंदीचा असतो. काहींमध्ये दोन्ही असतात, फाइलची भाषा मराठी लावली की आपला ल येतो, पण सगळीच सॉफ्टवेअरं ऐकतात असं नाही. आता यावर कुणीतरी लिहिणारच, की ताई, वाचता येतं ना मग झालं. येतं हो वाचता. मलाही येतं. पण माझ्या नावात ल आहे आणि तो मी पहिलीपासून पाकळ्यांचा काढत आलेय.

बरं, आईकडे परत येते, कारण ते टाळून उपयोग नाही.

गेल्या दिवाळीला मिरजेला गेले होते. आई सांडग्यांचं वाटत होती. ओट्यावर ती जुनी लाल वही उघडी. मी म्हटलं, अगं पुस्तिका कुठाय, एवढी केली ती. "आहे की, देवघरात ठेवलीय." देवघरात! म्हणजे मान मिळाला, पण वाचायला नाही. काढून पाहिली. आणि आत प्रत्येक पानावर सगळे आकडे निळ्या बॉलपेनने गिरवलेले होते. २ वाटी, ३ पळ्या, १२ मिरच्या. सगळे. एकेका आकड्यावर दोन-दोनदा पेन फिरवलेलं. कारण त्या केसासारख्या रेषेत २ कुठला आणि ३ कुठला तिला कळेना, आणि करडा रंग छापताना खरा करडा नसतोच, काळ्याचे बारीक ठिपके पाडतात, बारीक अक्षराची कड त्यात फाटून जाते. मला हे माहीत होतं. मी लोकांना सांगायचे हे, काउंटरवर उभी राहून, शहाणपणा करत. तिने मला चार वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाही. जुन्या वहीतनं बघून एकेक आकडा पक्का केला, पाचसहा पानं झाल्यावर दमली असेल, दुसऱ्या दिवशी परत बसली असेल, कारण मधूनच शाई बदललेली दिसते.

मी तिला म्हटलं, अगं सांगायचंस ना. म्हणाली, "तू एवढं हौसेने केलंस."

म्हणून मग सेक्रेटरींवर मला नीट चिडताही येईना. बिचारा फुकट काम करतो, रात्री दोनपर्यंत बसतो, त्याला कुणी शिकवलंय की देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, वरून वेलांट्या-रफार येतात आणि खालून उकार, ते एकमेकांत अडकतात. वर्डमध्ये मराठीचा फॉन्ट आणि साइज 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाच्या वेगळ्याच खणात असतो, म्हणून आपण वर कितीही साइज बदलली तरी कधीकधी मराठी ढिम्म हलत नाही, हे तरी कुणी सांगतं का? मीच मग फाइल मागवली. त्यांनी लगेच पाठवली, वर हात जोडलेला इमोजी.

सगळं सिलेक्ट केलं, मुक्ता नावाचा फॉन्ट लावला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा आहे, फुकट मिळतो, सात वजनं आहेत त्यामुळे खरं ठळक मिळतं, काजळ नाही, आणि मोबाईलवरही बरा वाचता येतो. नुसतं छापायचं असतं तर मी तिरो देवनागरी मराठी घेतला असता, त्याच्यात जुन्या छापील पुस्तकांचं वळण आहे, जाड-बारीक रेषा आहेत, आणि ल-श आपले. पण त्याला ठळक वजन नाही आणि नोटिशीत ठळक लागतंच. नोटो सेरिफ देवनागरीही चालला असता. चौदा पॉइंट, ओळींत दीडपट जागा, काळा म्हणजे काळा. रेघा सगळ्या काढल्या. दोन्ही बाजूंनी सरळ केलेला मजकूर डावीकडे आणला, कारण वर्ड मराठी शब्द तोडत नाही, नुसता ताणतो, आणि ओळीत खड्डे पडतात. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलच्या आतच जातोय ना ते बघितलं. वीस मिनिटांचं काम.

सातची अकरा पानं झाली. हो, चार कागद जास्त. एवढं ऐकून घेते मी.

दुकानात असताना नवीन फॉन्ट आला की आम्ही एक ओळ टाइप करायचो: 'तऱ्हेवाईक ब्रह्मचाऱ्याने ॲल्युमिनियमच्या किटलीत बुद्धिपुरस्सर वाङ्मय उकळलं.' ही ओळ कुठे न तुटता आली की फॉन्ट पास. आज मुक्तावर परत चालवून बघितली. ब्रह्मचारी सुखरूप. तुमच्याकडे तो लाडका वळणदार फॉन्ट असेल ना, त्यात टाकून बघा, आणि किटली फुटली तर कमेंटमध्ये फोटो टाका.

मोबाईलवर झूम करता येतं असं कृपा करून कुणी सांगू नका. ए-फोरची पीडीएफ झूम केली की प्रत्येक ओळीला उजवीकडे सरकवायचं आणि परत डावीकडे यायचं, काकांचं बोट थरथरतं, एक ओळ वाचेपर्यंत पान उडून तिसरीकडे.

तर पान काढलं. या वेळी काढलं. दारात उभी राहून हात लांब करून बघितलं, मालकांची आठवण आली. मग खाली गेले नाही, काका सोफ्यावरच बसले होते, चहा झाला होता त्यांचा. पानं हातात दिली. म्हटलं, वाचून दाखवू? "थांब, बघतो." पहिलं पान स्वतः वाचलं, ओठ हलवत. दुसरं वाचलं. मी तोवर पोळ्या लाटायला घेतल्या, आईला फोन लावावा असं मनात होतं, पण काय बोलणार होते कुणास ठाऊक. पुस्तिका परत छापायचीय, मोठ्या अक्षरात, हे सांगितलं तर म्हणेल कशाला खर्च.

पाचव्या पानावर काकांनी हाक मारली.

"अगं, यात भाडं किती महिने देणार ते कुठेच लिहिलेलं नाही."

मी पीठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. दोघांनी अकराही पानं परत वाचली. खरंच नाही. कुठेच नाही.

"पेन दे गं जरा," काका म्हणाले.

रविवारी साडेदहाला सभा आहे, बिल्डिंगमधले जे कुणी ही पोस्ट वाचतायत त्यांनी यायचंय. नवी पीडीएफ ग्रुपवर टाकलीय.