साडू, शहाबादी आणि ॲसिड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन विषय निघतात : फराळ आणि बाथरूम. फराळात मला कुणी विचारत नाही. बाथरूम मात्र परंपरेने माझ्याकडे आहे.

पंचवटीतलं घर जुनं. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण ते सकाळी तासभर. बाकीचा दिवस बोअरवर. बोअरचं पाणी वाळतं आणि जाताना चुना मागे ठेवून जातं. नळाच्या तोंडाशी पांढरं कडं, बादलीला आतून खरखरीत थर. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली आणि उरलेली भलतीकडे तोंड करून बसलेली. त्यातली एक धार तर थेट खुंटीवरच्या टॉवेलवर. आंघोळ करणारा कोरडा आणि टॉवेल ओला, असा आमचा रोजचा कार्यक्रम.

यावर घरात प्रत्येकाचं मत आहे. आई म्हणाली, लिंबाची साल घास. बायको म्हणाली, व्हिनेगर. माझे मोठे साडू फोनवर म्हणाले, “ॲसिड आणा हो, ॲसिड. आणि त्यात पाणी घालू नका. माणसाने एकदा ठरवलं की जहालच व्हावं.” साडूंचं हे धोरण मिसळीच्या रश्शापासून राजकारणापर्यंत सगळीकडे सारखंच आहे.

“बाबा, अभिक्रियेचा दर अभिकारकांच्या संहतीवर अवलंबून असतो,” आतून आवाज आला. म्हणजे पाण्यात आम्ल जितकं दाट, तितका क्षार लवकर निघणार. मुलगी दहावीला आहे. तिने अभ्यासाच्या टेबलावरून बोललेलं वाक्य आमच्या घरात खोडायची पद्धत नाही.

ॲसिड आणायला रविवार कारंज्याकडे गेलो. दुकानदाराने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. “कशाला पाहिजे?” “नळाला.” “आधार कार्ड?” 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीला आळा घातला, त्यामुळे घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण वहीत लिहावं लागतं. नियम अगदी योग्य आहे आणि त्यामागचं कारण हसण्यासारखं नाही. पण ‘कारण’ या रकान्यात ‘शॉवर’ लिहिलेलं वाचून दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलला आणि मला पुन्हा एकदा न्याहाळलं, तेव्हा मला उगाचच आपण काहीतरी लपवतोय असं वाटलं.

घरी मुलीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा उघडली होती. बादलीतून खरवडलेल्या क्षाराच्या जेमतेम सारख्या आकाराच्या खपल्या आणि काचेचे तीन ग्लास. त्यांत व्हिनेगर : एकात नुसतं, एकात निम्मं पाणी घालून, तिसऱ्यात बरंच पाणी घालून. खपल्या एकदम टाकल्या. पहिल्या ग्लासात खपलीच्या अंगावर बुडबुड्यांची दाटी झाली. ती तळाशी डुलू लागली, मधूनच उचलली जाऊन पुन्हा बसू लागली. दुसऱ्यात बुडबुडे होते, पण सरकारी कामासारखे. तिसऱ्यात खपली शांत पडून होती. डोळे बारीक केल्यावर कडेला एकच बुडबुडा दिसला, आणि तोही सुटायला तयार नव्हता.

“कण जास्त, टकरा जास्त,” मुलगी म्हणाली. मला रामकुंड आठवलं. एरवी भर दुपारी तिथे फिरलं तर फार तर एखाद्या गुरुजींना धक्का लागेल. सिंहस्थाच्या पर्वणीला त्याच पायऱ्यांवर पाऊल टाका, मिनिटभरात दहा गावांचे कोपर बरगडीत बसतात. माणसं तीच, पायऱ्या त्याच, फक्त दाटी वाढली. आम्लाचंही असंच. तेवढ्याच पाण्यात आम्लाचे कण जास्त असले की क्षारावर ते वरचेवर आदळतात आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस भराभर सुटतो.

“मग व्हिनेगर नळाला का पुरत नाही?” बायकोने विचारलं. तिचा मुद्दा रास्त होता. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असतं चारेक टक्के, आणि तेही सौम्य स्वभावाचं; त्याच्या शंभर रेणूंमागे एकसुद्धा धड हायड्रोजन आयन, म्हणजे क्षाराला खाणारा कण, सोडत नाही. बाथरूमच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक. ते पाण्यात पडलं की झाडून सगळं आयन होतं. म्हणजे आम्ल किती घातलं आणि कोणतं घातलं, हे दोन्ही पाहायचं. आई मात्र शेजारी शंकरपाळ्यांसाठी पाक करत होती आणि त्यात लिंबू पिळत होती. पाकाची साखर होऊ नये म्हणून. 1850 साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने आम्लामुळे साखर फुटण्याचा वेग मोजला होता, आणि अभिक्रियेचा वेग मोजून गणितात मांडायची सुरुवात तिथून झाली, असं मी तिला सांगितलं. “मोजत बसला असता तर पाक करपला असता,” आई म्हणाली.

तेवढ्यात साडू आले. बोलावलं नव्हतं. ॲसिड आणल्याचं बायकोने बहिणीला कळवलं होतं.

इथे थोडं नॉर्वेकडे वळायला हवं. संहती आणि वेग यांचा नियम 1864 साली गुल्डबर्ग आणि वागे यांनी मांडला, आणि हे दोघे चक्क साडू होते! एका मंत्र्याच्या दोन मुली दोघांना दिलेल्या. पुढे वागेची बायको वारली, तर त्याने गुल्डबर्गच्या बहिणीशी लग्न केलं; म्हणजे साडूचा मेहुणा झाला. त्यांचा शोध नॉर्वेजियन भाषेत छापला गेल्यामुळे बरीच वर्षं कुणी वाचला नाही, हे वेगळं. मला नवल नियमाचं वाटत नाही. दोन साडू एका कागदावर सही करण्याइतके एकमताचे झाले, याचं वाटतं.

आमच्याकडे तसा योग नाही. साडूंनी बाटलीचं बूच काढलं तोच शेजारचे अण्णा दारात आले. ते सातपूरला प्लेटिंगच्या कारखान्यात होते, आता निवृत्त. “नळावर ओतू नका. खराब झालेलं क्रोम काढायचं असलं की आम्ही याच ॲसिडात माल बुडवायचो.”

“तीव्र असलं की काम लवकर होतं,” साडू म्हणाले.

“कोणतं काम? गंधकाम्ल अगदी तीव्र असलं तर लोखंडाच्या टँकरमधून नेतात. त्यात पाणी घालून पातळ केलं की तेच लोखंड खातं. आणि पातळ करायचं असेल तर ॲसिड पाण्यात घालतात, पाणी ॲसिडात नाही. ब्लीचिंग पावडर तर जवळसुद्धा नको, क्लोरीन सुटतो.”

साडूंनी नळ सोडला, पण हातातली बाटली काही सोडवेना. “निदान फरशी तरी,” म्हणत त्यांनी न्हाणीच्या कोपऱ्यात धार धरली. फस्स झालं. पांढरा फेस उसळला, नाकाला झोंबणारा वास आला आणि सगळे खोकत बाहेर पळालो. साडूंच्या चेहऱ्यावर विजय होता. “बघा, मळ कसा निघतोय!”

“काका, ती शहाबादी आहे,” मुलगी म्हणाली. “चुनखडक. मळ नाही, फरशी निघतेय.”

बादलीभर पाणी ओतलं. कोपऱ्यात परातीएवढा पांढुरका, खडबडीत डाग उरला. साडूंनी तो बराच वेळ पाहिला आणि चहा घेतला.

रात्री मुलीने कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलं, फडकं भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळलं, शॉवरची चकती त्यातच बुडवून ठेवली. सकाळी कडं नखाने सुटलं. शॉवरची धार सरळ आली आणि कित्येक महिन्यांनी टॉवेल कोरडा राहिला.

नऊच्या सुमारास साडूंचा फोन. “निघाला ना क्षार? म्हटलं नव्हतं का, स्ट्राँगच लागतं. फरशीवर टाकलं ना, त्याची वाफ वर गेली. बरं, उरलेली बाटली ठेवून द्या. रविवारी आमच्या गच्चीकडे बघतो.”

त्यांच्या गच्चीलाही शहाबादीच आहे. मी अण्णांचा नंबर दिला.